सखुबाईचं पातेलं

हे सांगायला तोंड उघडलंय खरं, पण पहिलं वाक्यच जुळंना. आजवर हे माझ्या तोंडातनं भाईर पडलेलं न्हाई. मालकांना न्हाई, लेकीला न्हाई, देवापुढं हात जोडते तितं सुदिक न्हाई. तुमी कोण, कुठले, मला ठावं न्हाई — म्हणूनच तुमाला सांगते. ओळखीच्या माणसाला सांगितलं असतं तर त्यानं लगेच माझी बाजू घेतली असती. आमच्याकडं माझी बाजू घेणारे लई हायत. हीच तर खरी रड हाय.

आदी माझी थोरवी सांगते. व्हय, थोरवीच. गेली कैक वर्सं मी ती ज्याला त्याला सांगत आले, तुमी तरी कशाला चुकताय?

आमचं गाव मार्गासनीच्या पुढं, रस्ता सोडून आत. भाताचं गाव. हितं लगीन होऊन आले तवा सासूबाईंनी मला घर दाखवलं. चूल दाखवली, देव्हारा दाखवला, पाण्याच्या घागरी दाखवल्या. मंग मागल्या दारी नेलं आन् वळचणीला खोचलेली एक कपबशी दाखवली. कान तुटलेली. म्हणल्या, 'ही आपली न्हाई. सखी आली की हिच्यात वरनं च्या ओतायचा. हात लावायचा न्हाई.'

सखी म्हंजी सखुबाई. खालच्या बौद्धवस्तीतली. मी नवी नवरी व्हते तवाच तिचे निम्मे केस पिकलेले, पण गावातलं दहा वर्साचं पोर बी तिला 'ए सखे' म्हणून हाक मारायचं. ती 'आले, बाळा' म्हणायची. आमच्या मागल्या दारी यायची, कपबशी सोताच्या हातानं वळचणीतनं काढायची, च्या प्यायची, इसळायची, परत खोचायची. दुष्काळात रोजगार हमीवर बसून ह्याच बाईनं खडी फोडलेली. त्या खडीच्या रस्त्यानं आज आमच्या एसट्या जातात, टेम्पो जातात, आमची पोरं मोटारसायकली उडवतात. तिचा रस्ता आमाला चालतो. तिचा कप चालत न्हाई. हाय का न्हाई डोकं?

सासूबाई गेल्या. त्यांचं तेरावं झालं आन् दुसऱ्याच दिवशी म्या ती कपबशी ओढून काढली, मागल्या दारच्या दगडावर आपटली. चार तुकडे झाले. सखुबाई आली तवा घरातल्या चांगल्या कपात च्या दिला, ओट्यावर बसवून. ती बिचकली. कप दोन्ही हातांनी धरून बसली व्हती, आपल्याकडनं फुटंल का काय ह्या भ्यानं.

मंग मी हे सांगत सुटले. बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष झाले. वेल्ह्याला मेळावा असला की माईक हातात आला रे आला, की माझी कपबशी फुटायची. टाळ्या पडायच्या. साहेबलोक म्हणायचे, 'अशा भगिनी गावोगाव पाहिजेत.' मी घरी येईपतुर फुगलेली असायची. सखुबाई माझ्या ओट्यावर बसते, माझ्या कपात च्या पिते! आन् ओट्याच्या आत? आत ये गं, असं मी तिला कवा म्हणलं व्हतं? ते माईकवर कुणी इचारलं न्हाई. म्याबी सांगितलं न्हाई.

झाली थोरवी. आता खालचं सांगते.

सखुबाईला एकच लेक, इंदू. तिचं सासरी पटलं न्हाई तशी ती पोरीला कडंवर घेऊन आईजवळ राहायला आली, ती कायमचीच. माझ्याच वयाची. माझ्या खाचरात भातलावणीला सगळ्यात पहिली उतरायची. चिखलात शेजारी शेजारी वाकून आमी दोघींनी किती वर्सं काढली त्याचा हिशेब न्हाई. हात तिचा असा चालायचा की बघत राहावं. तोंड त्याहून जास्ती. 'वैनी, तुमची रोपांची वळ बघा कुठं चालली. ती चालली इंझरला, बाजारात!' असं म्हणायची आन् सगळ्या बायका चिखलात बसाय यायच्या हसून हसून. दोघी एका वयाच्या, पण ती मला 'तुमी' म्हणायची आन् मी तिला 'तू'. हे माझ्या ध्यानात कवा आलं? ह्या वर्सी. इतकी वर्सं कानात बोळे घातले व्हते काय मी?

आमच्या गटात बारा बायका. नऊ वरच्या आळीतल्या, तीन वस्तीतल्या, त्यात इंदू. गावात लगीनकार्य निघालं की मोठी भांडी नसरापूरवरनं टेम्पोत घालून आणायला लागायची. म्या बैठकीत म्हणलं, 'आपणच भांडी करू की. एकेकीनं एकेक भांडं द्यायचं, वर नाव टाकायचं. गावचं काम व्हईल, आपलं नाव राहील.' सगळ्यांना पटलं. कुणी परात दिली, कुणी बादली, कुणी झारा आन् ओगराळं. सगळ्यांच्या सासूबाई, सासरे, थोरले दीर भांड्यांवर आले.

सखुबाई त्याच्या आदल्या साली वारली व्हती. इंदूनं आख्ख्या हंगामाची लावणीची मजुरी घातली आन् भोरातनं पातेलं आणलं. जरमनचं, जाड, एकटीला जड जाईल असं. सगळ्या भांड्यांत मोठं. भोरवरनं नसरापूर एसटीत, तितनं पुढं वडापच्या जीपवर बांधून. जीपवाल्यानं उतरवताना आपटलं, काठाला पोचा पडला, तर ती त्याच्याशी इतकी भांडली म्हणं की त्यानं भाडं घेतलं न्हाई. पातेल्यावर नाव टाकून आणलं व्हतं — 'कै. सखुबाई हिच्या स्मरणार्थ, मुलगी इंदू.'

ती त्या अक्षरांवरनं पदर फिरवत मला म्हणाली, 'वैनी, आता तरी गाव तिला सखुबाई म्हणंल. वाचाय तरी लागंल की न्हाई?'

'लागंल की गं,' म्या म्हणलं. आन् मनापासनं म्हणलं. खोटं कशाला बोलू, त्या घडीला मला तसंच वाटत व्हतं.

मंग आमच्या भावकीतल्या एका पोरीचं लगीन निघालं. पहिल्यांदाच गटाची भांडी निघाली. मांडव दारात, चुली घराच्या मागं. आचारी नसरापूरचा. त्यानं सगळ्यात मोठं म्हणून इंदूचंच पातेलं चुलीवर ठेवलं आन् पाणी ओतायला घागर उचलली. तेवढ्यात माझ्या थोरल्या जाऊबाई वाकल्या. चौथी झाल्यात त्या. एकेक अक्षर लावून वाचलं. 'सखुबाई. सखुबाई म्हंजी — आपली सखी?'

 ध्यानात घ्या, जातीचा शब्द कुणाच्या तोंडातनं निघाला न्हाई. आजकाल निघतच न्हाई. कायदा हाय, मोबाईल हाय, कुणी काय बोललं तर दुपारपतुर तालुक्याला जातंय. बायका नुसत्या पदर सावरत राह्यल्या आन् मंग एकेक करून सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अध्यक्ष ना मी! कपबशी फोडणारी!

काय म्हणायचं व्हतं मला? 'ओता वो पाणी.' बास. एवढंच. आचारी घागर धरून माझ्या तोंडाकडं बघत व्हता. मी म्हणले असते तर त्यानं ओतलं असतं, भात शिजला असता, पाहुण्यांनी खाल्ला असता आन् दुसऱ्या लग्नाला कुणी वाकून वाचलं सुदिक नसतं. एवढंसं काम व्हतं ते. आन् ते एकट्या माझ्या हातात व्हतं.

म्या म्हणलं, 'पातळ हाय ओ ते. भात खाली लागंल.'

आचाऱ्यानं पातेल्यावर टिचकी मारली. 'पातळ? वैनी, असलं जाड पातेलं तर माझ्याकडं बी —' आन् मंग त्यानं बायकांची तोंडं बघितली. जगात फिरलेला माणूस. मुकाट्यानं पातेलं उतरवलं.

बायकांनी असा श्वास सोडला की काय इचारता. सगळ्यांची सुटका झाली. कुणाला वाईट व्हायला लागलं न्हाई. त्या दिवसापासनं गावाला एक वाक्य मिळालं. 'इंदूचं पातेलं? त्यात भात खाली लागतो.' ज्यांनी आयुष्यात त्या पातेल्याला हात लावला न्हाई त्या बी सांगायच्या, 'लई लागतो बाई.' माझ्या जाऊबाईंनी तर भोंगवलीला माझ्या नणंदेला सांगितलं की करपलेल्या भाताचा वास दोन दिवस जात न्हाई म्हणून. कुठला भात? कवा शिजला? चूल तरी पेटली व्हती का त्याच्याखाली? मला संताप येतो तो ह्याचा. आमचे म्हातारे-कोतारे निदान तोंडावर सांगायचे, ही कपबशी तुझी, ती आमची. वाईट व्हते, पण उघड व्हते. आमी शिकलो. आमी वाईट ऱ्हायलो आन् वर लपाय शिकलो. आन् लपायचा शब्द गावाला कुणी पुरवला? जिच्यासाठी टाळ्या वाजल्या तिनं.

पातेलं ठेवायचं कुठं? बाकीची भांडी एकीच्या माळ्यावर व्हती. हे म्हणं, माळ्यावर मावत न्हाई. सगळ्या परत माझ्याकडं बघाय लागल्या. म्या म्हणलं, माझ्या गोठ्यात जागा हाय. काही दिवस ते पालथं पडून व्हतं, कोंबड्या बसायच्या. मंग म्हैस व्याली. तिला पेंड भिजवायला मोठं काय तरी पायजे व्हतं. म्या ते सुलटं केलं, पेंड ओतली, पाणी ओतलं. आन् नाव भितीकडं फिरवलं. हे बघा, मी वेंधळेपणानं केलं असं म्हणाय गेले असते, पण ते नाव फिरवलं ना, तितं मी सापडते. चुकून करणारा माणूस नाव फिरवत न्हाई.

पुढं सात वर्सं.

लग्नं उन्हाळ्यात व्हायची, लावणी पावसाळ्यात. दर वर्सी चिखलात माझ्या शेजारी वाकली की इंदू इचारायची, 'वैनी, यंदा आईच्या पातेल्यात काय काय शिजलं?'

आन् मी सांगायची. पहिल्या साली जीभ अडखळली. दुसऱ्या साली न्हाई. 'तीन लग्नांत भात. एका बारशाला लापशी. पाटलांच्या वर्सश्राद्धाला आमटी, तीनदा चढवलं तुझ्या आईचं पातेलं, इतकी माणसं.' असं रंगवून सांगायची की मला सोताला आमटीचा वास यायचा. इंदूचे हात थांबायचे. चिखलातली रोपाची मूठ तशीच धरून ऐकायची. मंग म्हणायची, 'तिनं आयुष्यात कुणाच्या पंगतीत पहिलं जेवण केलं न्हाई वो. आता तिच्याच पातेल्यातलं सगळ्यांच्या आदी जातंय बघा.'

तुमी म्हणाल, तिनं कवा बघितलं कसं न्हाई? तिलाबी आवतान असायचं की लग्नाला! असायचं. वस्तीतली माणसं यायची, मांडवाच्या कडंला बसायची, शेवटच्या पंगतीला जेवायची, जायची. चुली घराच्या मागं. मागं इंदू जात नसे. कुणी अडवलं व्हतं का? छे! कुणी अडवत न्हाई आमच्याकडं. अडवायची गरजच पडत न्हाई, इतकं ते पक्कं बसलंय. दहा पावलं ती मागं आली असती तर माझं खोटं पहिल्याच साली उघडं पडलं असतं. जी दहा पावलं आमी तिला पिढ्यान्‌पिढ्या चालू दिली न्हाईत, त्याच्याच आडोशाला मी सात वर्सं बसून राह्यले. भांडी घासायची पाळी लावली त्यातनं बी म्या तिचं आन् वस्तीतल्या दुसऱ्या दोघींचं नाव गाळलं. 'तुला लांब पडतं गं, तू नको येऊ.' आन् ती माझी माया समजली.

यंदाच्या उन्हाळ्यात इंदूच्या लेकीचं लगीन ठरलं. सुजाता. पुण्याला दवाखान्यात नर्स हाय. लई गुणी पोर. इंदू आली, ओट्याच्या कडंला बसली. म्हणाली, 'वैनी, बाकीची भांडी मांडववाल्याची येतील. मला आईचं पातेलं तेवढं द्या. नातीच्या लग्नाचा भात तिच्या पातेल्यात शिजू दे.'

तिच्यामागं वीस पावलांवर गोठा. गोठ्यात पातेलं. पातेल्यात म्हशीचं तोंड.

मी म्हणले, 'अगं, ते भोंगवलीला गेलंय, नणंदेकडं. त्यांच्याकडं कार्य हाय. आणून ठेवते मी.'

'आणा बरं का आठवणीनं,' म्हणली आन् गेली.

त्या दुपारी म्या ते पातेलं ओढून काढलं. राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, काथ्यानं घासलं. बोटं सोलली. नावाच्या अक्षरांत शेण आन् पेंड बसून काळं झालेलं, ते सुईनं कोरून काढाय बसले. 'सखुबाई'तला 'स' मोकळा झाला आन् मला रडू आलं. वास काय जाईना. मंग मी कायतरी चांगलं केलं असंल असं वाटतंय तुमाला? इंदूकडं गेले असंन, पाय धरले असतील?

मी भोरला गेले. त्याच मापाचं, तसंच जाड, नवं पातेलं घेतलं. दुकानदारानं नाव टाकायचं मशीन हातात घेतलं. म्हणला, 'सांगा.' म्या सांगितलं — कै. सखुबाई हिच्या स्मरणार्थ, मुलगी इंदू. त्यानं अक्षरं काढली, वर बघितलं आन् म्हणला, 'इंदूताई म्हणजे तुमीच का?'

काय सांगणार? 'व्हय,' म्या म्हणलं.

'आईच्या नावानं करताय, चांगलं हाय. बसा, च्या घ्या,' म्हणला आन् पोऱ्याला हाक मारली. आन् तुमाला खरं सांगते — माझी नजर त्या पोऱ्यावरनं हलंना. मी तवा इंदू व्हते ना! मला वाटलं, आता हा इचारणार, कुठल्या गावच्या, कुठल्या आळीतल्या. आता माझा च्या निराळ्या कपात येणार. च्या आला. काचेचा गिलास. मी आदी बाकीच्या गिऱ्हाइकांच्या हातात बघितलं. सगळ्यांच्या हातात तसलाच. मंग मी प्याले. एवढ्या दोन मिंटांत माझ्या तळहाताला घाम फुटला व्हता. इंदू जलमभर असंच लोकांच्या हातात बघत आली असंल? प्रत्येक दुकानात? प्रत्येक ओट्यावर? माझ्याबी ओट्यावर?

एवढं कळूनबी मी घरी येऊन काय केलं ते ऐका. मळ्यात पेंढा पेटवला, नवं पातेलं त्याच्यावर धरून काळं केलं. वरवंट्यानं काठाला पोचा पाडला, जुन्यावर जितं व्हता तितंच. आन् सांजच्याला वस्तीत पोचतं केलं.

लगीन रविवारचं. वस्तीतल्या विहारासमोर मांडव. आमी वरच्या आळीतल्या नऊ बायका गेलो. जायला तर पायजेच, गटाचं मेळाव्यात नाव हाय! मांडवाच्या एका कडंच्या खुर्च्या धरून ओळीनं बसलो. प्रत्येकीच्या पिशवीत घरनं भरून आणलेली पाण्याची बाटली. वस्तीतली पोरं ताटं घेऊन आली तशी पहिली म्हणली, 'मला उपास हाय.' दुसरी म्हणली, 'मला बी.' एकेक करत ओळ संपत आली. रविवारी कुणाचा उपास असतो वो? त्या दिवशी सगळ्यांचा व्हता. पोरं काय ते समजली. हसली बी एकमेकांकडं बघून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आन् माझं ठरलं व्हतं. आईशपथ ठरलं व्हतं, की मी जेवणार. घरनं उपाशीपोटीच निघाले व्हते.

इंदू सोता माझ्यासाठी ताट घेऊन आली. नवं लुगडं, कपाळ घामानं डबडबलेलं, चुलीजवळनं आलेली. ताटात आंबेमोहराचा भात, वाफ निघणारा. म्हणली, 'वैनी, आईच्या पातेल्यातला हाय. सात वर्सं तुमी सांभाळलंत, आज पोटभर जेवा.'

माझ्या शेजारी जाऊबाई. त्या माझ्याकडं बघत न्हवत्या, समोर नवरा-नवरीकडं बघत व्हत्या. पण त्यांचा कान माझ्याकडं हाय हे मला कळत व्हतं.

पातेलं नवं व्हतं. मीच घेतलेलं, मीच डोक्यावरनं आणलेलं. त्यात आजवर कुणी काय शिजवलं न्हवतं. वास न्हवता, पातळ न्हवतं, काय बी न्हवतं. त्याला नावं ठेवाय एकच जागा उरली व्हती, त्याच्यावरचं नाव. तांदूळ सुदिक माझ्याच खाचरातला, इंदूनं मजुरीत नेलेला. कपबशी फोडून मी वीस वर्सं टाळ्या खाल्ल्या, आन् तो भात —

'मला उपास हाय गं,' म्या म्हणलं.

'रविवारचा?' तिनं इचारलं.

'व्हय.'

तिनं ताट मागं घेतलं. घाईनं न्हाई. भाताकडं बघितलं, मंग माझ्याकडं. आन् कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणली, 'एक शीत खाली लागलं न्हाई बघा, वैनी.'

आन् गेली, दुसऱ्याला वाढाय.

म्हंजी ते वाक्य तिच्या कानावर गेलं व्हतं. कवा गेलं? पहिल्या साली? का त्याच आठवड्यात कुणी सांगितलं? चिखलात वाकून दर वर्सी मला इचारत व्हती, ते माहीत असून इचारत व्हती का? नवं पातेलं तिनं वळखलं व्हतं का? मला ठावं न्हाई. इचारायची माझी छाती झाली न्हाई आन् इचारायचा मला हक्क बी न्हाई.

दोन दिवसांनी पातेलं परत आलं. इंदूनं घासून लख्ख केलेलं, म्या लावलेली सगळी काजळी निघालेली. गटाच्या बायका जमल्या व्हत्या. एकीनं इचारलं, 'हे कुठं ठेवायचं?'  सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. म्या ते उचललं.

यंदाची लावणी झाली. इंदू आली व्हती, माझ्या शेजारीच वाकली व्हती. हात तसाच चालत व्हता. चार दिवस लावणी चालली. माझी वळ वाकडी गेली, म्या मुद्दाम जाऊ दिली, तरी ती काय बोलली न्हाई. यंदा आईच्या पातेल्यात काय शिजलं, हे बी तिनं इचारलं न्हाई.

माझ्या गोठ्यात आता दोन पातेली हायत. दोन्हीवर एकच नाव. जुन्यात म्हशीची पेंड भिजते. नवं त्याच्या शेजारी भितीला टेकवून ठेवलंय, नाव आतल्या अंगाला करून. ते तसं कुणी ठेवलं म्हणून इचारू नका. म्याच ठेवलं.